आठ वार चौकडा

ऑफिसातल्या सहकाऱ्याचं लग्न स्कॉटलंडमधल्या पर्थशायरमध्ये ठरलं. आपल्याकडे पत्रिकेच्या तळाशी 'आहेर आणू नये' छापतात, तिथे यांच्या पत्रिकेत बारीक अक्षरात लिहिलं होतं : पुरुषांनी किल्ट. आहेर आणू नये म्हणजे काय, हे आपल्याला बरोबर कळतं. किल्ट म्हणजे मात्र खरोखरच किल्ट निघाला.

व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं. "अरे, मुंजीत सोवळं नेसवताना गाव गोळा केलं होतंस, आणि आता परक्याच्या लग्नात परकर?"

"परकर नाही गं. एका किल्टला आठ वार लोकरीचं कापड लागतं."

"म्हणजे नऊवारीला एकच वार कमी. कासोटा तरी असतो का?"

नसतो. पुढचा प्रश्न कुठे जाणार हे ओळखून मी रेंज गेल्याचं जाहीर केलं.

एडिनबर्गमध्ये किल्ट भाड्याने देणाऱ्या दुकानात गळ्यात टेप अडकवलेल्या एका बाईंनी माप घ्यायच्या आधी आडनाव विचारलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला यात वावगं काही वाटत नाही. "कुळकर्णी," मी म्हटलं. त्यांनी एक जाडजूड वही काढून बोट फिरवलं. कीथ, केनेडी, केर... आणि थेट लॅमाँट. आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या झाडून साऱ्या कुळांच्या नोंदी ठेवल्या, आणि मला कुळ नाही!

"मग ब्लॅक वॉच घ्या," बाई म्हणाल्या. "तो कुणालाही चालतो."

हिरव्या-निळ्या-काळ्या रंगांचा तो चौकडा सुरेख होता, पण माझ्यातला सदाशिव पेठी जागा झाला. हा तर पलटणीचा कपडा! 1739 मध्ये उभ्या राहिलेल्या रेजिमेंटचा. माझा लष्कराशी संबंध म्हणजे खडकीच्या कँटीनमधून मामाने आणलेला कुकर. मी विचारलं, "कायद्याने चालेल ना?" बाईंनी माझ्याकडे जशी नजर टाकली तशी फक्त आमच्या पेठेतले दुकानदार टाकतात.

तर कायदा नाही. एके काळी होता, पण उलट्या बाजूचा. राजाविरुद्धच्या 1745 च्या बंडानंतर पुढच्याच वर्षी पार्लमेंटने हायलंडमधल्या पुरुषांना हा पोशाख घालायलाच बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. सूट फक्त राजाच्या फौजेतल्यांना. म्हणजे 1782 पर्यंत बापजाद्यांचा कपडा अंगावर घालायचा तर बापजाद्यांच्या शत्रूकडे नोकरी धरायची. पुढे 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला. सर वॉल्टर स्कॉटने त्या सोहळ्याचं यजमानपद असं काही निभावलं, की खुद्द राजा किल्ट घालून उभा राहिला. खाली गुलाबी घट्ट विजारी. मग काय, ज्याला त्याला आपल्या घराण्याचा चौकडा हवा झाला. मागणी तिथे पुरवठा : स्वतःला स्टुअर्ट राजघराण्याचे वंशज म्हणवणाऱ्या दोन भावांनी 1842 मध्ये एक 'प्राचीन' पोथी छापली आणि त्यात कुळागणिक चौकडे वाटून टाकले. पोथी बनावट होती. चौकडे टिकले. आज कुणी अभिमानाने मिरवतो तो पिढीजात चौकडा त्या बखरीतून उचललेला असू शकतो. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आमच्याकडचे निम्मे कुलवृत्तांत पाहिले आहेत मी.

सोवळंओवळं खरं पाळतात ते वेगळ्याच ठिकाणी. बॅल्मोरल हा राखाडी चौकडा राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने आखला. तो राजघराण्याचा आणि राजाच्या पायपरचा, इतरांनी हात लावायचा नाही. याउलट लालभडक रॉयल स्ट्युअर्टही खरं तर राजाचाच, पण तो बिस्किटांच्या डब्यावर जाऊन बसला तेव्हापासून त्याचं सोवळं सुटलं. टोपीवरच्या बिल्ल्याचं मात्र अगदी कडक : त्यावरची मुद्रा कुळाच्या प्रमुखाची खाजगी मालमत्ता. बाकीच्यांनी ती पट्टा-बकलाच्या वेटोळ्यात घालूनच लावायची, म्हणजे हा मालक नव्हे, मालकाचा माणूस हे दुरून कळतं. प्रमुखाला गरुडाची तीन पिसं, त्याच्या खालच्याला दोन. शिवाय प्रत्येक कुळाची ठरलेली वनस्पती : मॅकडॉनल्डांचं हेदर. हे वाचून मी गहिवरलो. देवक! अहो, हे सरळसरळ देवक आहे!

या साऱ्या भाऊबंदकीला कंटाळलेला एक शहाणा माणूसही होऊन गेला. लॉर्ड एल्कोने 1859 मध्ये लंडन स्कॉटिश पलटण उभारली तेव्हा कुळाकुळांत रुसवेफुगवे नकोत म्हणून चौकडाच काढून टाकला आणि साधं करडं घोंगडीछाप कापड दिलं. मी बाईंकडे तेच मागितलं. "ते त्या पलटणीचं आहे," त्या म्हणाल्या. कुणाचंच नसलेलं कापडही कुणाचं तरी होतंच.

विचार करून येतो म्हणून सटकलो आणि किल्ल्यासमोरच्या पटांगणात गेलो. तिथे 78व्या हायलंडर्सचं स्मारक आहे. उंच क्रॉस, आणि त्यावर कोरलेला हत्ती. स्कॉटलंडच्या भुरभुर पावसात भिजणारा हत्ती! ही निशाणी या पलटणीने कमावली 23 सप्टेंबर 1803 ला, जालना जिल्ह्यातल्या असईला, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढून. माझं आजोळ भोकरदनचं. असई म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत 'हे काय पलीकडं'. आणि त्या पलटणीचा चौकडा कोणता? ब्लॅक वॉचवरच लाल-पांढऱ्या रेघा ओढलेला मॅकेन्झी.

परत जाऊन बाईंना म्हटलं, "मॅकेन्झी द्या. आमचे जुने संबंध आहेत." संबंध तोफेच्या तोंडचे होते, हे सांगितलं नाही.

लग्नात थंडी गुडघ्यांतून शिरून पार वर पोचली. बटव्यासारखं स्पॉरन पोटाखाली लटकत होतं, मोज्यात खोचलेला सुरा पोटरीला टोचत होता. आईला फोटो पाठवला, तिचं उत्तर, "बस जपून." एवढ्यात छातीवर पदकांची रांग असलेले एक आजोबा हातात ग्लास घेऊन समोर येऊन उभे राहिले. आधी त्यांनी माझा चौकडा पाहिला, मग माझा चेहरा, मग पुन्हा चौकडा. माझ्या घशाला कोरड पडली. हातात वही नव्हती एवढंच.

"मॅकेन्झी," ते म्हणाले. "कुठले मॅकेन्झी?"

या प्रश्नाला मी जन्मभर सरावलेलो. लग्नाच्या पंक्तीत, गाडीच्या डब्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. कुठले कुळकर्णी? तोंडातून आपोआप निघालं, "असईचे."

"असिंट!" आजोबा खुलले. असिंट हा तिकडे पार वायव्येला मुलूख, मॅकेन्झींनी एके काळी मॅक्लाउडांकडून बळकावलेला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाटलंच मला. पाऊस फार हो तुमच्याकडे."

"यंदा जरा कमीच आहे," मी म्हटलं. आजीने आदल्याच रात्री फोनवर तसं सांगितलं होतं.