प्रश्न तत्त्वाचा आहे

मराठीत काही शब्द फक्त दुसऱ्याविषयी वापरायचे असतात. ‘घोरणं’ हा त्यातला एक. ‘कुचकेपणा’ हा दुसरा.

‘तो कुचका आहे’ हे वाक्य चालतं. ‘तू इतका कुचका असशील असं वाटलं नव्हतं’ हे तर भावाभावांत, जावाजावांत आणि जिन्याजिन्यांत रोज चालतं. पण ‘मी कुचका आहे’? दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ते आणखी शास्त्रीय केलं; पण या वाक्याला कर्ता मिळवून देणं दोघांनाही जमलं नाही. प्रथमपुरुषात आला की हा शब्द रूपच पालटतो. एकवचनी रूप: ‘प्रश्न तत्त्वाचा आहे.’ अनेकवचनी रूप: ‘माझं एकट्याचं काही नाही हो, मी सगळ्यांच्या वतीने बोलतोय.’

या शब्दाच्या शेजारीपाजारी बरीच वस्ती आहे. खवचटपणा वेगळा, त्याला बुद्धी लागते आणि त्याला टाळी मिळते. खवचट माणसाच्या नावावर किस्से जमा होतात, कुचक्याच्या नावावर तक्रारअर्ज. डूख धरायला स्मरणशक्ती लागते. खुनशीपणा थेट गुन्हेगारीच्या पानावर जातो. काडी लावणारा काडी लावून बाजूला होतो, कुचका माणूस मात्र शेवटपर्यंत जागेवर हजर असतो. आकस हा कागदी शब्द. तो पोलिसांकडच्या अर्जात सापडतो किंवा पुढाऱ्याच्या पत्रकात. ‘राजकीय आकसापोटी कारवाई’ हा शब्दप्रयोग पुढारी विरोधात असेपर्यंतच वापरता येतो. सत्तेत गेल्यावर त्याच कारवाईला ‘कायदा आपलं काम करतोय’ असं म्हणतात.

आणि मत्सर? तो मोठ्या घरचा. काम, क्रोध, लोभ, मोह, मद यांच्या पंगतीला बसणारा. षड्रिपूंच्या यादीत कुचकेपणाला जागा मिळाली नाही, कारण तो फार किरकोळ. त्याचा फायदा असा झाला, की कीर्तनाला जाऊन कुणी क्रोध सोडला, कुणी लोभ सोडला; कुचकेपणा सोडायला कुणी सांगितलंच नाही, म्हणून तो तेवढा जिथल्या तिथे राहिला.

त्याची कसोटी सोपी आहे. करणाऱ्याला त्यातून काही मिळालं, तर तो कुचकेपणा नव्हे. तो साधा स्वार्थ. कुचकेपणात करणाऱ्याचंही नुकसान झालंच पाहिजे, आणि ते त्याला चाललंही पाहिजे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करावा, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच नाही रचली. नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे, ही तिची मोठी बहीण. एरवी भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची काडी जास्तीची मागून घेणारा आपला समाज इथे मात्र खर्चाकडे बघत नाही.

नमुना पाहायचा तर कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जावं. एका खांबाशेजारी दोन गाड्या. जमिनीवर पिवळा पट्टा. त्यातली एक गाडी पट्ट्याच्या आत, पण शेजाऱ्याच्या बाजूला बरोबर चार बोटं सोडून लावलेली. शेजाऱ्याला आपल्या गाडीत डाव्या दारातून शिरावं लागतं आणि गिअरवरून पाय उचलत उजवीकडे सरकावं लागतं. विचारलं तर उत्तर तयार: ‘पट्ट्याच्या आत आहे की नाही ते बघा.’ आहेच. गंमत पुढे आहे. गाडी अशी लावल्यावर मालकाचं स्वतःचं दारही उघडत नाही. वय साठीच्या पुढचं, गुडघा दुखरा. तेही डाव्या दारातून बाहेर पडतात. पण बाहेर आल्यावर चेहऱ्यावर जे तेज असतं, ते चार धाम करून आलेल्यांच्याही चेहऱ्यावर नसतं.

तेव्हा करणकारक, म्हणजे ज्याने क्रिया घडते ते हत्यार, कोणतं? नियम. कुचका माणूस बेकायदा काही करत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा कायदा सहकार वाढावा म्हणून झाला; तो सर्वाधिक मन लावून वाचला जातो तो शेजाऱ्याने बाल्कनीत कुंड्या ठेवल्यावर. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिची पूर्ण चौदा दिवसांची नोटीस लागते. नोटीस तेराव्या दिवशी मिळाली, एवढं शोधून काढण्यासाठी पाकिटावरचा शिक्का भिंगातून बघणारे सभासद प्रत्येक सोसायटीत असतात. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, या पहिल्याच विषयावर ते उभे राहतात आणि ‘सूचक’ व ‘अनुमोदक’ यांची नावं उलटी पडली आहेत, हे निदर्शनास आणतात. टाकी गळतेय, लिफ्ट बंद आहे, ते विषय क्रमांक सातवर. तिथवर कधी कुणी पोचत नाही. चिवडा मऊ पडतो.

फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सरकारला ही मर्यादा का घालावी लागली असेल, हे समजायला अर्थशास्त्र नको. ज्याचा फ्लॅट भाड्याने गेला आणि ज्याचा गेला नाही, ते दोघं एकाच मजल्यावर राहतात, एवढं माहीत असलं की पुरे. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, हेही शहाणपणाचंच. शंभर टक्के लागली असती तर महाराष्ट्रात एकही इमारत पडली नसती, पावसाने पडतील तेवढ्याच. नवीन घर आपल्याला मोठं मिळतंय, यापेक्षा वरच्या मजल्यावरच्याला आपल्याहून वीस चौरस फूट जास्त मिळतंय, हे कळल्यावर जुन्या गळक्या छताविषयी एकदम ममत्व दाटून येतं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया गावी एका गृहस्थाने १८३० साली शेजारच्या बोळातली ये-जा बंद व्हावी म्हणून त्या बोळातच सात फूट रुंदीचं घर बांधून टाकलं. ते अजून उभं आहे. तिकडे कुचकेपणाने घर उभं राहतं. इकडे कुचकेपणाने ते उभं राहायचं थांबतं.

पण ही सगळी शहरी लुटूपुटू. अधिकरणकारक, म्हणजे क्रिया जिथे घडते ते मूळ ठिकाण, शेताचा बांध आहे. ‘बांध कोरणं’ हा शब्दप्रयोग ज्याने घडवला, त्याला भाषेचं मोठं पारितोषिक द्यायला हवं. दर वर्षी नांगरताना एक तास पलीकडे सरकायचं. यंदा गवत गेलं, पुढच्या वर्षी खुणेचा दगड कलला, तिसऱ्या वर्षी बांधावरच्या बाभळीची मुळं उघडी पडली. विचारलं तर, ‘ट्रॅक्टरवाला नवीन होता.’

हिशेब करून बघा. बांध ३३० फूट लांब आणि कोरलं अर्धा फूट, म्हणजे १६५ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे गुंठ्याचा सहावा हिस्साही नाही. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तरी त्या पट्ट्यात सोयाबीन होणार तीन किलो. या तीन किलोंसाठी आधी हद्द कायम मोजणीचा अर्ज. मग भूकरमापक येतो त्या दिवशी दोन्हीकडची भावकी काठ्या घेऊन बांधावर, मग मोजणी अमान्य. त्यानंतर तहसील, प्रांत आणि दिवाणी न्यायालय. चुलता जातो, पुतण्या चालवतो. वकिलाच्या मुलाचं डॉक्टरीचं शिक्षण पुरं होतं. आणि सोयाबीन? ते त्या पट्ट्यात यायचं बंद झालेलं असतं, कारण ‘जैसे थे’चा आदेश असतो आणि तिथे आता काँग्रेस गवत माजलेलं असतं. ते दोन्हीकडच्यांना सारखंच मिळतं.

अखेर सरकारलाच मध्ये पडावं लागलं. २०२३ मध्ये महसूल खात्याने योजना आणली, नाव ‘सलोखा’. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असं किमान बारा वर्षं चाललं असेल, तर अदलाबदलीचा दस्त करून घ्या. मुद्रांक शुल्क एक हजार, नोंदणी शुल्क एक हजार. इतकं स्वस्त भांडण मिटवणं या राज्यात दुसरीकडे कुठे नाही. अट एकच जड आहे: दस्तावर दोघांच्याही सह्या लागतात. ‘आधी त्याला करू दे’ असं दोघंही म्हणतात. पैशाचं काही नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे.

या सदराची शासनाला एक नम्र सूचना आहे. त्या अर्जात ‘वादाचे कारण’ असा एक रकाना घालावा आणि त्यात वारसा, वहिवाट, हद्द यांच्या जोडीला ‘अर्जदाराचा स्वतःचा कुचकेपणा’ असाही पर्याय छापावा. जो त्यावर बरोबरची खूण करील, त्याला दोन्ही शुल्कं माफ. वित्त विभागाने हरकत घेऊ नये. तिजोरीला एका रुपयाचीही तोशीस पडणार नाही.