फोटो नसलेली वर्गणी

दानाला पाटी लागते. शाळेला थंड पाण्याची टाकी दिली, की तिच्यावर दात्याचं नाव चार बोटं उंच अक्षरांत झळकतं. पेला मात्र साखळीने बांधलेला. आता सिल्वासाजवळच्या सामरवरणीत एखादी स्वयंसेवी संस्था मुलांची बाजू मांडायला, म्हणजे पोलिसांत, बालकल्याण समितीपुढे आणि सिल्वासाच्या कोर्टात मुलाशेजारी बसायला, वर्षाची वर्गणी मागू लागली तर पाटी लावायची कुठे? फोटोही नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने अशा मुलाची ओळख छापणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे नियमाने वागणाऱ्या संस्थेच्या अहवालात एक रिकामी खुर्ची आणि फायलींचं कपाट, एवढंच देखणं. म्हणूनच माझं म्हणणं, ही वर्गणी थोडी थोडी, दरवर्षी आणि गावातूनच मागावी. फोटो मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. (चहा 'किरकोळ'मध्ये.)

कुणी म्हणेल, स्वयंसेवकांना पैसे कशाला? स्वयंसेवक पगार घेत नाही हे खरं. पण रिक्षावाला स्वयंसेवक नसतो. पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा, खटला 'शक्यतो' एका वर्षात संपवावा, असं त्या कायद्याचं ३५वं कलम सांगतं. त्या 'शक्यतो'त किती तारखा मावतात, ते कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला विचारावं. शिवाय इथल्या चाळींत बिहार-ओडिशाहून आलेले कामगार, शेजारी वारली आणि कोकणा. मूल ओडियात सांगणार, लिहिणारा गुजरातीत लिहिणार, विचारणारा हिंदीत विचारणार. दुभाषालाही भाडं पडतंच. ३१ मार्चला वर्ष संपतं ते हिशेबाचं. मुलाची पुढची तारीख एप्रिलात असते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: एवढे कारखाने असताना घरोघर का फिरायचं? सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीकडे, जावंच. कंपनी कायद्याचं १३५वं कलम तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के मागतं आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतं. पण त्यासाठी कंपनीकडे ५ कोटींचा नफा, १००० कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींचं नक्तमूल्य यांपैकी काहीतरी हवं. पत्र्याच्या शेडमधल्या युनिटला ते कुठून यायचं? मोठ्यांना लाभार्थ्यांचा आकडा हवा. दप्तरं वाटली तर पाचशे लाभार्थी, एका मुलीसोबत वर्षभर कोर्टात बसलात तर एक. स्लाइडवर 'एक' फार पोरका दिसतो. राहता राहिलं देणगीवरच्या करसवलतीचं आमिष. नव्या करप्रणालीत तेही गेलं. मुंबईत १९७९ साली रिपन कपूर आणि मित्रांनी ५० रुपयांवर उभ्या केलेल्या, मुलांसाठीच्या 'क्राय' संस्थेलाही भेटकार्डं विकावी लागली, कारण देणाऱ्याच्या हातात काहीतरी पडावं लागतं. सामरवरणीत पावती पडू दे. तपशिलाच्या रकान्यात लिहावं: 'कोर्ट, रिक्षा, जाऊन-येऊन, दोघांची.' पावती आडवी छापली, तर दात्याचं नाव चार बोटं उंचही बसेल.