पास हाय, गाडी न्हाय

— काय गं, धुणं वाळत घालतीस व्हय? जरा वईजवळ ये की. मोठ्यानं बोलायसारखं न्हाय.

— बोला मावशी. आमटीला उकळी येईस्तोवर मोकळीच हाय.

— मी काय डोळ्यानं बघितलं न्हाय. पर टपरीवर बोलत हुते, तुझी धाकटी काल दिवेलागणीला कुणाच्या तरी मोटारसायकलवरनं उतरली म्हणं.

— उतरली की. माझ्या भावाचा पोरगा हुता त्यो. मीच फोन करून धाडला.

— राग नको मानू बाई. पर पोरीकडं एसटीचा पास हाय की!

— हाय. अहिल्याबाई होळकर योजनेतला, बारावीपतोर फुकाट. पर पास दावायला गाडी नको? सायन्सचं प्रॅक्टिकल सुटतंय पाचला, गाडी निघती पावणेपाचला. एक तर जर्नल अर्धं टाकायचं, न्हायतर गाडी सोडायची. काल तिनं गाडी सोडली.

— मग वडापनं यायचं.

— वडाप भरल्याबिगर हलतंय व्हय? पुढं ड्रायव्हरला खेटून दोघं, मागं मांडीला मांडी लावून बाप्ये. पोरगी म्हणली, अंधार पडला तरी चालंल, त्यात बसायची न्हाय.

— ते बी खरं. पर २०२३ पासनं बायांना अर्धं तिकीट झालं, तेवढं बरं झालं बाई.

— सवलत तिकिटावर हाय मावशी, फेरीवर न्हाय. माझी नणंद परभणीकडं दिलीय. तिथं शाळेच्या पोरींसाठी मानव विकासची निळी गाडी येती. आपल्याकडं कुठली? थोरलीला नर्सिंगला जायचं हुतं. ह्यांनी फी न्हाय इचारली, शेवटची गाडी किती वाजता ते इचारलं. सकाळचं कॉलेज म्हणून आर्ट्सला घातली.

— पोरांचं बरं असतंय बघ. गाडीला किक मारली की सुटली.

— बरं कशाचं! तुमचा नातू अकरावीत. १८ झाल्याबिगर गिअरच्या गाडीचं लायसन मिळत न्हाय. परवा खिंडीच्या वळणावर तिघं बसून चालले हुते. मागच्याच्या दप्तराचा पट्टा चाकाला घासत हुता.

— आता गं बया! मला तर सांगतोय, मित्राच्या मागं बसून जातो.

— त्योच चालवत हुता. हे मी टपरीवर न्हाय बोलले, तुमास्नीच सांगतीया.

— पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, आन् पास तिसऱ्या हिश्श्यात मिळतोय ह्या मेल्याला!

— पास काढून करंल काय? डेपोत इचारलं तर म्हणत्यात, भारमान न्हाय. पोरं मोटारसायकलीवर गेली म्हणून गाडी रिकामी. रिकामी म्हणून फेरी बंद. फेरी बंद झाली की आणखी दोन घरं कर्ज काढून मोटारसायकल घेत्यात.

— सरपंचाच्या कानावर घालू मग.

— तोंडी सांगून त्यो इसरतोय. ग्रामसभेत ठराव घ्यायचा. कॉलेजकडनं सुटायची वेळ लिहून आणायची, संगट पासवाल्या पोरापोरींची यादी जोडायची. नवी गाडी मागायचीच न्हाय. हीच अर्धा तास उशिरा सोडा, एवढंच म्हणायचं.

— नातवाचं नाव पैलं घाल. किल्ली मी आजच काढून घेती.

— घालते. पर वरच्या वस्तीवर यादी करायला तुमीच जावा मावशी. तुमच्याएवढं घराघरातलं कुणाला ठावं हाय?