महाशीर पकडण्याची सुलभ पद्धत (फक्त दिल्ली-एनसीआरच्या रहिवाशांसाठी)

आधी यमुनेचे काय ते सांगून टाकू, कारण प्रत्येक नवशिक्याचा पहिला प्रश्न तोच असतो. होय, ओखल्याला एके काळी महाशीर मिळत असे. १८७४ मध्ये आग्रा कालवा सुरू झाला आणि त्याच्या बंधाऱ्यापाशी साहेब लोक गळ टाकून बसू लागले. आज कालिंदी कुंजच्या पुलावरून खाली पाहिले की फेस दिसतो. त्या फेसात गळ टाकायला हरकत नाही, फक्त वर काय येईल याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी. बाकीच्यांनी गाडीत डिझेल भरावे.

तुम्ही अमेरिकन व्हिडिओ पाहून आला असणार. त्यात टायगर मस्की नावाचा पट्टेरी मासा असतो. नॉर्दर्न पाइकचा नर आणि मस्कीची मादी यांचा हा संकर, त्याला स्वतःची प्रजा होत नाही. तिकडे मस्कीला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. त्याचा जबडा दातांनी भरलेला असल्यामुळे दोरीच्या टोकाला पोलादी तार लावतात, आणि ते पाहून तुम्ही ती तार ऑनलाइन मागवली असेल. परत करा. महाशिराच्या जबड्यात दात नसतातच, ते असतात घशात. ओठ मात्र असे की हलका गळ दाबून सरळ करतात. तेव्हा तारेचे पैसे जाड गळावर घाला. आठ ते दहा नंबरचा रॉड, टोक बुडणारी दोरी, वीस पौंडांचा लीडर आणि लहान माशासारखी दिसणारी पिसांची फ्लाय एवढे पुरते. गुडगावात याहून जास्त खरेदी सहज होते, पण ती माशाला दिसत नाही.

आता सराव. सोसायटीचे लॉन घ्या. आरडब्ल्यूएचे सेक्रेटरी येतील. त्यांना सांगा की गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधला आहे (तो खरोखरच बांधा, माळी आणि मुले दोघेही आसपास असतात). रॉड मागे न्यायचा आणि घड्याळातल्या एकच्या आकड्याशी थांबवायचा. मग थांबून राहायचे. मागे गेलेली दोरी हवेत पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढे फेकायचे नाही. हे थांबणे जेमतेम एका श्वासाचे असते आणि सगळी विद्या तिथेच आहे. चौकात दिवा हिरवा व्हायच्या आत हॉर्न वाजवणाऱ्याला ती शिकवणे फार अवघड जाते. दोरी डोक्यावर गोळा होऊन पडली तर दोष रॉडचा नसतो. अधिक महाग रॉडनेही तसेच होते, फक्त गोळा जास्त उंचावरून पडतो.

जायचे कधी? बहुतेक जण मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की निघतात. तोवर वरचे बर्फ वितळायला लागून गंगा राखाडी झालेली असते, आणि गढूळ पाण्यात तुमची फ्लाय माशाला दिसत नाही. हंगामाची सुरुवात म्हणजे फेब्रुवारीची अखेर आणि मार्च. पाणी हिरवे, स्वच्छ आणि गार. इतके गार की महाशीरही सुस्त असतो, म्हणून पहाटे चारला डोक्याला दिवा बांधून नदीवर जाऊ नका. ऊन चढू द्या, पाणी थोडे कोमट होऊ द्या. अकरानंतरचा मासा सकाळच्या माशापेक्षा भुकेला असतो. शनिवारी उशिरा उठणाऱ्या माणसाला निसर्गाने दिलेली ही एकमेव सवलत आहे, ती वाया घालवू नये.

जागा: ब्यासघाट. देवप्रयागच्या खाली जिथे नयार गंगेला मिळते ते ठिकाण. नयारला हिमनदीचे पाणी नाही, झऱ्यांचे आणि पावसाचे आहे, त्यामुळे ती गंगेपेक्षा लवकर तापते. पावसाळ्यात महाशीर अंडी घालायला याच नयारमध्ये वर चढतात. तेव्हा त्यांच्या वाटेला जायचे नाही. मार्चमध्ये मात्र दोन पाणी जिथे एकमेकांत मिसळतात त्या रेषेवर फ्लाय टाकायची, प्रवाहाला आडवी, आणि वाहत खाली जाऊ द्यायची. वाट मेरठ, बिजनौर, नजीबाबाद, कोटद्वार अशी. पुढे दुगड्ड्यानंतर गुडगावच्या सगळ्या गाड्या लॅन्सडाऊनकडे वळतात, तुम्ही सरळ गुमखाल करून सतपुलीला उतरा.

परवाना काढा. ‘आपली ओळख आहे’ हे वाक्य दिल्लीत पुष्कळ ठिकाणी चालते. नदीवर चालत नाही, आणि तिथला गढवाली वाटाड्याही त्याला भुलत नाही. त्याला ‘भैजी’ म्हणा आणि तो जिथे उभे राहा म्हणेल तिथे उभे राहा. तो दिवसभरात एकच सूचना देईल, ‘साब, थोड़ा रुको’. त्याहून अधिक उपयोगी सूचना या लेखात नाही.

हरिद्वार-ऋषिकेशला भाविकांच्या हातून कणकेच्या गोळ्या खाणारे लठ्ठ महाशीर पाहून मन विचलित होऊ शकते. तिथे मासेमारीला बंदी आहे. शिवाय त्या माशांना पिसाचे काही अप्रूप नाही.

पुण्याचे मित्र फोनवर विचारतील की महाशिरासाठी इतक्या लांब कशाला गेलास. त्यांचे बरोबर आहे. दख्खनच्या महाशिराचे शास्त्रीय वर्णन साइक्स नावाच्या साहेबाने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले. पुढे १९७०च्या दशकात लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णींच्या पुढाकाराने त्याची पैदास सुरू झाली. तिथली पिल्ले कावेरीत सोडली गेली, तिथे ती इतकी रुळली की तिथला मूळचा, पाठीला कुबड असलेला महाशीर आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. बाहेर जाऊन जम बसवलेल्या मराठी मंडळींबद्दल मंडळांच्या स्मरणिकांत लेख असतात, त्यांत हा मासा अजून आलेला नाही.

समजा, मासा गळाला लागला. रॉड वर उचलू नका. डाव्या हाताने दोरी सरळ मागे ओढा, मग गळ बसतो. लगेच बोटे रिळाच्या मुठीपासून दूर घ्या, कारण महाशीर पहिल्या धावेत प्रवाहासोबत खाली सुटतो आणि रीळ गरागरा फिरते. ‘जानता नहीं मैं कौन हूँ’ असे ओरडावेसे वाटले तर ओरडा, त्याने दोरी थांबत नाही. दमल्यावर त्याला ओल्या हातांनी धरा, तोंड प्रवाहाकडे, एकच फोटो, आणि सोडून द्या.

सोडल्यावर खरे काम सुरू होते, ते घरी. मालवणच्या आत्या सध्या नोएडाला मुलाकडे आल्या असतील तर त्या विचारतील, “सोडलंस? एवढो मोठो?” सोनेरी महाशीर आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त आहे, धरणांनी त्याच्या वर जाण्याच्या वाटा अडवल्या आहेत, हे सांगावे. त्या शांतपणे ऐकतील. मग म्हणतील, “मगे गेललंस कित्याक?”

म्हणून परतीच्या वाटेवर गाडी थेट घरी नेऊ नका. चित्तरंजन पार्कच्या एक नंबर मार्केटला बंगाली लोकांना हवा तसा रोहू मिळतो, पण आत्यांना तो गोड्या पाण्यातला म्हणून चालणार नाही. आयएनए मार्केटला जा, पापलेट घ्या आणि कल्ले स्वतः उघडून पाहा. भाव करताना घाई करू नका.