यूज काय?

लॅपटॉप घ्यायचाय असं म्हटलं की दादा लगेच मॉडेलचं नाव सांगत नाही. तो हातातला फोन उलटा ठेवतो, खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "यूज काय?"

प्रश्न साधा आहे. पण आपण कॉम्प्युटरवर दिवसभर नेमकं काय करतो, हे चारचौघांत सांगायची वेळ आली की भलेभले चाचरतात. "असंच... थोडं एक्सेल, मेल, कधी एखादा पिक्चर." "एक्सेलमध्ये साधारण किती ओळी?" इथून पुढे प्रश्न तो विचारतो आणि उत्तरं आपण देतो, सल्ला मागायला कोण आलं होतं, हे दोघंही विसरतात.

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्या सोसायटीत असा एक दादा असतो. तो कॉम्प्युटर कंपनीत नसतो, हे मुद्दाम सांगायला हवं. तो बँकेत असतो, नाहीतर कॉलेजच्या ऑफिसात. हिंजवडीला जाणारी मुलं कंपनीने दिलेला लॅपटॉप निमूट वापरतात आणि आत प्रोसेसर कुठला असं विचारलं, तर तो उलटा करून स्टिकर शोधतात. ज्याचं पोट त्यावर चालत नाही, त्यालाच त्यातलं खरं ज्ञान असतं. क्रिकेटचंही आपल्याकडे असंच आहे म्हणा.

दादाचा सीझन बारावीच्या निकालानंतर सुरू होतो आणि इंजिनिअरिंगच्या कॅप राउंड संपेपर्यंत चालतो. या दिवसांत जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी त्याला आया गाठतात.

"अरे, मेकॅनिकलला मिळाली तर कुठला घ्यायचा?"

"कॅड चालवायचं म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल, काकू."

"आणि कॉम्प्युटरला मिळाली तर?"

"मग कार्ड नसलं तरी चालेल. रॅम १६ मात्र हवी."

काकूंना हे पटत नाही. कॉम्प्युटरला जाणाऱ्या मुलाला मेकॅनिकलवाल्यापेक्षा स्वस्त कॉम्प्युटर कसा पुरेल? त्या मनातल्या मनात दादाला बाद करतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या भाच्याला फोन लावतात.

तरी दादाचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं, आणि त्याच्या आयुष्यातला सगळा घोळ तिथेच आहे. नुसतं आय-५ की आय-७ असं विचारलं तर तो वैतागतो. नावाच्या शेवटचं अक्षर बघा, म्हणतो. यू असेल तर साधारण १५ वॉटवर भागवणारा, एच असेल तर ४५ वॉटच्या आसपास खाणारा. यू बॅटरी पुरवतो, एच मांडी भाजतो. आकड्यांवर तर त्याचा वेगळाच राग आहे. रायझन ५ ७५२०यू हा त्याचा आवडता दाखला. पहिला आकडा ७, म्हणजे दिसायला अगदी ताजा. पण तिसरा आकडा २, म्हणजे आतली रचना झेन २, जी पहिल्यांदा आली २०१९ साली. "स्थळाच्या बायोडेटात फोटो नाही, जन्मसाल बघायचं," असं तो सांगतो. ऐकणारे हसतात आणि फोटो बघूनच लॅपटॉप घेतात.

रॅमवर तो सगळ्यात जास्त वेळ बोलतो. विंडोज ११ला कंपनी किमान ४ जीबी सांगते. दादाच्या मते, ४ जीबीत विंडोज आत येऊन बसतं आणि आपण बाहेर उभे राहतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रॅम पुढे वाढवता येते का, की बोर्डावर कायमची सोल्डर करून टाकली आहे. हा प्रश्न दुकानात विचारला की सेल्समन बॅग फ्री असल्याचं सांगतो. स्क्रीन किती निट्सचा, असं विचारलं की वायरलेस माउसही फ्री होतो. २५० निट्सचा स्क्रीन खिडकीशी बसलं की आरशासारखं आपलंच तोंड दाखवतो, हे दादाने अख्ख्या सोसायटीला सांगून झालंय. तरीही दर वर्षी कुणीतरी एक टीबीची डिस्क घेऊन येतं आणि दुकानदाराने लुबाडलं म्हणून त्याच्याच दारात उभं राहतं, कारण विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसतात. मग दादा हजारने मोजणारी कंपनी आणि १०२४ने मोजणारं विंडोज यांतला फरक कागदावर मांडून दाखवतो. माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो, दुकानदाराने ६९ जीबी खाल्ले, दादाही त्यांनाच सामील दिसतो.

अमेरिकेतल्या भाच्याचं प्रकरण तर दर दिवाळीला उपटतं. प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटी न भरता आणता येतो, ही बातमी प्रत्येक घरात पोचलेली आहे. दादा वॉरंटी इथे चालेल का ते आधी तपासायला सांगतो, चार्जरची पिन वेगळी असते सांगतो आणि शेवटी हुकमाचा पत्ता टाकतो: "तिकडच्या कीबोर्डवर रुपयाचं चिन्ह नसतं." २०१० साली सरकारने हे चिन्ह स्वीकारल्यापासून समोरच्यांपैकी कुणीही ते टाइप केलेलं नसतं. पण आता ते नाही म्हटल्यावर एकदम अडायला लागतं.

त्याच्या कारकिर्दीतला सोन्याचा काळ म्हणजे २०२५ची दिवाळी. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची साथ सोडली आणि सोसायटीतल्या यच्चयावत ज्येष्ठ नागरिकांच्या स्क्रीनवर इशारे झळकू लागले. बी विंगमधल्या नानांचा लॅपटॉप २०१५चा. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं, नानांकडे दोन्ही नाही. नाना चेकबुक घेऊनच आले होते. दादाने त्यांना परत पाठवलं, म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, उगाच पैसे घालवू नका, आणि रात्री जागून त्यावर लिनक्स मिंट बसवून दिलं. एक पैसा घेतला नाही. नाना आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, पोराने चांगला चालता लॅपटॉप बिघडवला, वर्डच गायब केलं.

तसा दादाचा अंतिम सल्ला एकच असतो: थांब. आत्ता घेऊ नको, पुढच्या तिमाहीत नवी पिढी येतेय. ती आली की म्हणतो, आता जुनीच्या किमती पडतील. त्या पडल्या की जुनी मिळेनाशी होते आणि तोवर पुढची येत असते. असं थांबत थांबत त्याचा स्वतःचा लॅपटॉप २०१२चा राहिला आहे. बिजागरीला चिकटपट्टी, पण रॅम दोन वेळा वाढवलेली, डिस्क बदलून एसएसडी टाकलेली. कीबोर्डची तारीफ तो इतकी करतो की समोरच्याला वाटावं, तो लॅपटॉप नसून पेटीच वाजवतो.

गेल्या महिन्यात वहिनींच्या क्लासेसना लॅपटॉप लागला. दादाने तीन कॉलमचा तक्ता केला, तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदाराला दोनदा फोन केला आणि म्हणाला, दसऱ्यापर्यंत बघू. परवा दारात खोकं आलं.

"कुणाला विचारून घेतलास?"

"कुणालाच नाही. रात्री बाराला सेल संपत होता."

दादा खोक्यावरचं बारीक अक्षर वाचू लागला. "रॅम?"

"सोळा. आणि एक स्लॉट रिकामा आहे."

"स्क्रीन किती निट्सचा?"

"तीनशे. आणि प्रोसेसरचा तिसरा आकडा ४ आहे, तोही बघितला. बारा वर्षं रोज रात्री फोनवर तेच तर ऐकते."

दादाने लॅपटॉप उघडला, बिजागरी एका बोटाने वरखाली करून पाहिली, कीबोर्डवर चार बोटं वाजवली. नाव ठेवायला काही सापडेना. शेवटी झाकण मिटून म्हणाला, "पुढच्या महिन्यात याचंच नवं मॉडेल येतंय पण."

"मग ते तू घे," वहिनी म्हणाल्या आणि क्लासच्या मुलांना आत बोलावलं.