विश्वचषकात बाळंतपण: जुन्नर-आंबेगावच्या भावी बापांसाठी जाहीर सूचना

आधी तारखा. फुटबॉलचा विश्वचषक 11 जून ते 19 जुलै 2026 या काळात अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत भरणार, हे फेब्रुवारी 2024 मध्येच जाहीर झालं होतं. ज्या घरी डॉक्टरांनी 19 जुलै ही तारीख दिली आहे, त्या घरचा हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे 12 ऑक्टोबर 2025 पासून सुरू झाला. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती आणि वेळापत्रक बाहेर पडून दीड वर्ष उलटून गेलं होतं. ‘मला काय माहीत’ हा बचाव या सूचनापत्रकाला मान्य नाही. सासूबाईंपुढे तो चालतो का, ते ज्याचं त्याने पाहावं.

2022 च्या बापांचं बरं होतं. कतारचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला लागला. अर्जेंटिना-फ्रान्स 3-3 बरोबरी, मग पेनल्ट्या, मग मेस्सीच्या हातात कप, आणि माणूस वेळेत अंथरुणावर. त्या सुमारास जन्मलेली पोरं आता अंगणवाडीत जातात. यंदाचं तसं नाही. संघ 32 चे 48 झाले, सामने 64 चे 104. आणि न्यूयॉर्कचं घड्याळ मंचरच्या घड्याळापेक्षा साडेनऊ तास मागे असल्यामुळे जग जिंकण्याचं काम आपल्याकडच्या झोपेच्या वेळेत चालणार. अंतिम सामना तर सोमवारी 20 तारखेला मध्यरात्री साडेबाराला.

डॉक्टरांनी दिलेली तारीख म्हणजे सामन्याची वेळ नव्हे. बरोबर त्याच तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. उरलेली दोन-तीन आठवडे पुढे-मागे आपल्या सवडीने येतात. त्यामुळे ‘उपांत्य फेरी आटोपली की होईल’ असलं भाकीत कट्ट्यावर बसून करू नये. चाळीस आठवडे उलटल्यावर जादा वेळ किती द्यायचा, तो फलक फक्त डॉक्टरांनी धरायचा असतो. नातेवाइकांनी कडेने ओरडू नये.

मुक्कामाचा प्रश्न नाजूक आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पत्नी एका गावात आणि घरचा मोठा टीव्ही दुसऱ्या गावात. इथे पंचांग मदतीला येतं. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा सुगीचा काळ. उद्घाटनाचा मेक्सिको-दक्षिण आफ्रिका सामना गुरुवार 11 जूनच्या मध्यरात्री आहे. धोंड्याचं जेवण त्याच संध्याकाळी ठेवावं, अशी विनंती मेहुण्यामार्फत पोचवावी, स्वतः बोलू नये. पुरणाचे धोंडे चार खाल्ले की ‘आता गाडी चालवणं बरं नाही’ असं म्हणावं. पाचवा खाल्ला की ते खरंही होतं. 15 जूननंतर मात्र नवं निमित्त शोधावं लागेल, आणि तिकडे मृग लागून गेलेला असल्याने वडिलांचा फोन येईल: ‘‘पेरणी काय मेस्सी करणारंय का?’’ या प्रश्नाला या पत्रकात उत्तर नाही.

सासरी सामना पाहताना आवाज बारीक ठेवावा आणि आजेसासूंना ऑफसाइड समजावण्याची तयारी ठेवावी. त्यांनी आयुष्यभर बैलगाड्यांच्या बाऱ्या पाहिल्या आहेत, तेव्हा तिथूनच सुरुवात करावी. आपल्या घाटात घोडी बैलांच्या पुढे पळते आणि लोक फेटे उडवतात. तीच घोडी फुटबॉलात बैलांच्या पुढे सापडली, की पंच झेंडा वर करतो आणि बारी बाद. ‘‘मग गाडा पळायचा कसा?’’ असं त्या विचारतील. युरोपातले नावाजलेले प्रशिक्षकही याच प्रश्नावर अडले आहेत, असं सांगून पाणी प्यायला उठावं.

गर्भसंस्काराचा मुद्दाही सासरीच निघतो. पोटातल्या बाळाला शेवटच्या महिन्यांत बाहेरचे आवाज ऐकू येतात, हे खरं. म्हणून समालोचन ऐकवावं का? अभिमन्यूचं उदाहरण ध्यानात घ्यावं. चक्रव्यूहात शिरायचं कसं ते त्याने ऐकलं आणि ऐन बाहेर पडायच्या वेळी सुभद्रेला डुलकी लागली. पहाटे साडेतीनच्या सामन्यात सत्तराव्या मिनिटाला कुठल्याही गर्भार बाईचा डोळा लागणारच. 1990, 1998 आणि 2006 अशा तीन विश्वचषकांतून इंग्लंड पेनल्टी शूटआऊटमध्येच बाहेर पडलं. त्या आयांच्या झोपेची चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आणि ‘बाळ लाथा मारतंय, रोनाल्डो होणार’ हा विनोद या दोन्ही तालुक्यांत बंद करण्यात येत आहे. आत्तापर्यंत तो सगळ्या काकांनी केलेला आहे. लाथांकडे लक्ष मात्र द्यायचंच. शेवटच्या महिन्यांत रोजची हालचाल कशी असते, ते आईला ठाऊक असतं. ती कमी वाटली तर सामना कितव्या मिनिटाला आहे ते न पाहता दवाखाना गाठायचा. रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यांनाही तोच नियम. यात मध्यंतर नाही.

कळांचं गणित वेगळं आहे आणि इथे फुटबॉल खरोखर उपयोगी पडतो. पहिलटकरणीच्या कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, आणि तासभर तशाच येत राहिल्या तर निघायचं, असं साधारण सांगतात. फुटबॉलचं घड्याळ कुणी पडलं तरी थांबत नाही आणि पडद्याच्या कोपऱ्यात ठळक दिसतं. बाराव्या, सतराव्या आणि बाविसाव्या मिनिटाला कळ आली, तर ते कागदावर लिहायचं. यंदा प्रत्येक डावात बाविसाव्या मिनिटाच्या आसपास खेळाडूंना पाणी प्यायला तीन मिनिटांची सुट्टी आहे. त्या तीन मिनिटांत पिशवी तपासायची: माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सोनोग्राफीचे कागद, दुपटी, लंगोट, आणि चार्जर. चार्जर आपला नव्हे, तिचा. क्रिकेट पाहणाऱ्या बापांना ही सोय नाही, त्यांच्या कळा षटकांत मोजाव्या लागतात. दवाखाना लांब असेल तर हा हिशेब आणखी आधीच्या कळेवर आणावा. आहुपे किंवा घाटघरच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर तारखेच्या आधीच खाली मंचर, घोडेगाव, जुन्नर, जिथे दवाखाना ठरला असेल तिथे बिऱ्हाड हलवावं. वर पावसात रस्ता आणि रेंज, दोन्हींचा भरवसा नसतो. सामनाही दिसणार नाही, म्हणजे हरकत घ्यायला कारणच उरलं नाही.

रेंजवरून एक बारीकशी गोष्ट. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटीच्या तीस रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत, एकेक तबकडी 45 मीटर व्यासाची. लांबच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनची कुजबुज त्यांना ऐकू येते. आपल्या छपरावरच्या डिशला पहिल्या सरीतच काही ऐकू येईनासं होतं. तेव्हा मोबाईलवर दुसरी सोय ठेवावी. पण त्याची बॅटरी सामन्यावर संपवू नये, कारण 102 ला फोन त्याच मोबाईलवरून लावायचा आहे. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी ती गाडी फुकट असते, आणि प्रसंग बाका असेल तर 108. आशाताईंचा नंबर आधीच जतन करून ठेवावा, ‘आशा’ एवढ्याच नावाने नको. नंतर खुलासे करत बसावं लागतं.

खासगी गाडीही सांगून ठेवावी. जून-जुलैत नारायणगावच्या टोमॅटो बाजारामुळे गावातले पिकअप कॅरेटांखाली अडकलेले असतात, म्हणून माणूस विचारपूर्वक निवडावा. गाडीवाला फुटबॉल पाहणारा असेल तर उत्तम, कारण तो पहाटे साडेतीनला जागा सापडेल. त्याचा संघ हरत असेल तर सर्वोत्तम. लगेच निघतो.

रात्री जागणाऱ्याला शेताचंही काम लागतं. थ्री फेज लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात मोटर चालू करायला जावंच लागतं, आणि उसात बिबट्या आहे हे दोन्ही तालुक्यांत कुणाला सांगायला नको. एकट्याने जाऊ नये. बॅटरी घ्यावी आणि मोबाईल मोठ्याने वाजत ठेवावा. वनखातं बोलत, आवाज करत जा म्हणून सांगतं. ते वाजवणं समालोचनाचं असलं तरी चालतं. बिबट्याची मादी साधारण तीन महिन्यांत त्याच उसात विते आणि नर त्या वेळी कुठे असतो ते कुणी विचारत नाही. तशी तुलना घरात कुणी काढायच्या आत मोटर बंद करून परत यावं.

गोळ्यांची वेळ सामन्यांशी जुळवावी. लोहाची गोळी चहाबरोबर नको आणि कॅल्शियमबरोबरही नको, चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाला अंगी लागू देत नाहीत. म्हणजे लोहाची रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर, आणि कॅल्शियमची दुसऱ्या वेळी. डोहाळ्यांना मात्र वेळ नसते. पंच्याऐंशीव्या मिनिटाला मासवडी खावीशी वाटली, तर बेसन घोटून सारण भरून वडी थापेपर्यंत पेनल्ट्यासुद्धा संपतील हे मान्य. तरी उठावं. रस्सा मेहुणीला सांगावा.

सोनोग्राफीच्या खोलीत मुलगा की मुलगी हे विचारू नये. 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि तशी पाटी प्रत्येक केंद्रात लावलेली असते. प्रसूतिगृहाच्या बाहेर मोबाईल मुका करावा. तिथे ‘गोल!’ म्हणून ओरडलात, तर आतले आणि बाहेरचे दोघंही वेगळाच अर्थ घेतील आणि चुलत सासरे पेढे आणायला निघतील.

झोप झाली नाही, ही तक्रार नारायणगावच्या हद्दीत करू नये. विठाबाई नारायणगावकर याच गावच्या. तमाशाच्या फडावर दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, असं सांगतात. ती गोष्ट तशीच्या तशी करायची नव्हे. ज्या काळात आणि ज्या हलाखीत ते घडलं, ते आठवून गप्प बसायचं आहे. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात आळस देणाऱ्याने तर विशेष.

बाळ झाल्यावर तासाभरात आईचं दूध. मध, गुळाचं पाणी, घुटी घेऊन येणाऱ्या थोरांना नम्रपणे मैदानाबाहेर न्यावं.

मग विश्वचषकाचं वेळापत्रक खऱ्या अर्थाने कामाला येतं. स्पर्धा एकूण 39 दिवसांची, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वा महिना. बाळंतिणीचा विसावाही सव्वा महिना. तान्ह्या बाळाला दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. यंदाचे बरेचसे सामनेही आपल्याकडे रात्री साडेनऊ, साडेबारा, पहाटे साडेतीन, साडेसहा असे तीन-तीन तासांनी लागतात. दूध आई पाजेल. त्यानंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, ओला लंगोट बदलणं आणि पुन्हा निजवणं, हे जाग्या माणसाचं काम. घरात त्या वेळी जागा माणूस कोण असतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यातून सुटका नाही. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवून कुणीतरी जागायचं असतं. दर वेळी या पाळीवरून बायकांत कुरबुर होते. यंदा जावयाने हात वर करावा. साडेतीनला बेल्जियम असो की उरुग्वे, हे सटवाईला सांगायची गरज नाही.

बारशाला बाराव्या दिवशी नाव ठेवताना ‘लिओ’ आणि ‘किलियन’ हे प्रस्ताव लेखी द्यावेत. शिवनेरीच्या पायथ्याशी राहून अशी नावं सुचवल्याबद्दल वडिलांचं एक भाषण होईल, ते ऐकून घ्यावं. त्यानंतर आत्या पाळण्यात वाकून कानात जे म्हणेल ते नाव. ती काय म्हणाली याची व्हीएआरकडे तपासणी मागता येत नाही, आणि पाठीवर बसणाऱ्या बुक्क्यांना फाऊल धरत नाहीत.