मर्लोला नाक मुरडणारे

साताऱ्याच्या राजपथापासून सांगलीच्या विश्रामबागपर्यंत अलीकडे एक नवा जाणकार दिसू लागला आहे. वय पन्नाशीच्या आसपास, व्यवसाय बांधकामाचा नाहीतर दवाखान्याचा, आणि नाशिकच्या एखाद्या वायनरीची एक फेरी पदरी. त्या फेरीआधी द्राक्ष गोड की आंबट, एवढंच तो विचारायचा. आता तो ग्लास उजेडाकडे धरतो, गोल फिरवतो, नाक आत घालतो आणि "टॅनिन जरा कच्चं आहे," असं जाहीर करतो. वेटरने मर्लो या द्राक्षाच्या रेड वाईनचं नाव काढलं की चेहरा सुतकी होतो. "मर्लो नको हो, ती शिकाऊ लोकांची!" माझ्या मते या माणसाला मर्लो आवडत नाही, हे खरं नाही. ती आवडते असं चारचौघांत म्हणायला तो घाबरतो.

मर्लोची पत कशी चढली आणि उतरली ते पाहिलं तर ही भीती त्याच्या एकट्याची नाही, हे कळतं. १९९१ साली अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने लोणी-चीज खाणाऱ्या फ्रेंचांच्या धडधाकट हृदयाचं श्रेय रेड वाईनला दिलं. लोकांना पुण्य हवं होतं, पण कडवटपणा नको होता. मवाळ मर्लो त्यांना बरोबर सापडली. मग २००४ मध्ये 'साइडवेज' चित्रपट आला. त्याच्या नायकाने मर्लो पिणार नाही म्हणून थयथयाट केला, तिचा खप घसरला आणि पिनो न्वार या दुसऱ्या जातीचा भाव वधारला. हाच नायक जिवापाड जपलेली १९६१ ची शव्हाल ब्लाँ वाईन शेवटी बर्गरच्या दुकानात बसून पितो, आणि ती असते कॅबर्नेट फ्रँक आणि मर्लो या द्राक्षांच्याच मिश्रणाची! जगातल्या महागड्या वाईनमध्ये गणली जाणारी पेत्रूस तर जवळजवळ निखळ मर्लो. चिलीत कित्येक वर्षं मर्लो म्हणून विकली गेलेली बरीचशी द्राक्षं कार्मेनेर या वेगळ्याच जातीची निघाली. १९९४ मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने वेली पाहून ते ओळखलं. तोवर पिणाऱ्यांपैकी कुणाची जीभ अडखळल्याचं ऐकिवात नाही.

यावर कुणी म्हणेल, चित्रपटावर कशाला खापर फोडता, तेव्हा कॅलिफोर्नियातली पुष्कळ मर्लो खरंच पाणचट होती. कबूल. मागणी वाढताच जमीन न बघता लावलेल्या आणि वारेमाप माल घेतलेल्या बागांची ती वाईन होती. पण मग दोष बागेचा, जातीचा नव्हे. तासगावच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. वेलीवर घड किती ठेवायचे हे त्याला छाटणीपासून ठाऊक असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: बेदाण्याच्या मुलखाला या शहरी नखऱ्यांचं काय? तर जातीच्या नावावर भाळणं आणि उबगणं इथेही चालतंच. तासगाव तालुक्यात वसंतराव आर्वे यांनी थॉमसन या बिनबियांच्या जातीमधूनच तास-ए-गणेश ही जात निवडून काढली. पुढे सोनाका आली, मग सुपर सोनाका, आणि प्रत्येक नवीबरोबर "थॉमसन जुनी झाली" म्हणणारे तयार झाले. बेदाणा मात्र आजही मुख्यतः थॉमसन आणि तिच्या गोतावळ्यावरच उभा आहे. वाईनच्या बाबतीत हा हौसेचा खेळ महागात पडतो. राज्याच्या २००१ च्या वाईन धोरणातून पलूसला वाईन पार्क आलं, वाईनच्या जातींचा बोलबाला झाला. २००८-०९ च्या मंदीत मागणी बसली आणि राज्यातल्या कित्येक बागायतदारांनी त्या बागा काढून टाकल्या. बारीक मण्याची, जाड सालीची, बियांची ती द्राक्षं बाजारात खायला कोण घेणार, आणि त्यांचा बेदाणा तरी काय होणार? जाणकाराला मत बदलायला एक घोट पुरतो. बागायतदाराला बाग बदलायची तर नवा खुंट, नवं कलम, आणि पहिला माल हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षं नुसता खर्च.

म्हणून या जाणकारांना एक विनंती. पुढच्या बैठकीत बाटल्यांची लेबलं कागदाने झाका, सगळ्यांनी चाखा, आणि कुठली आवडली ते कागद काढण्याआधी मोठ्याने सांगा.